हेल्मेटसाठी एकच संच
१४ नोव्हेंबर २०१९, सकाळी अकराची वेळ. हेल्मेटमध्ये बसवायचा ब्लूटूथ संच घेण्यासाठी मी पत्नीसह धरमपेठेतील एका दुकानात उभा होतो. आत नव्या रबराचा उग्र वास दाटला होता. “काका, जोडीच घ्या ना. काकू मागून हळू बोलल्या तरी तुम्हाले ऐकू येईल,” दुकानदार म्हणाला. पत्नी हसली. “घ्या न अहो. चौतीस वर्षं तुमच्या पाठीशीच बोलून राहिली मी. घरात सून, नातवंडं, टीव्ही. गाडीवरच तर आपण दोघं असतो.” वाहन चालवताना संभाषण करू नये, असे बजावून मी केवळ रस्त्याच्या सूचना ऐकण्यासाठी एकच संच घेतला. परतताना धंतोलीजवळ एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला आणि सक्करदऱ्याला घरी पोहोचेपर्यंत मी त्याच नव्या संचावरून त्याच्याशी बोलत राहिलो. मागे पत्नी माझ्या खांद्याला धरून बसली होती. तिला काय बोलायचे होते, हे मी त्या दिवशी विचारले नाही, पुढे तिच्या आजारपणातही नाही. आता विचारणे शक्य नाही. त्या दिवशी घरी आल्यावर मी तिचे हेल्मेट खुंटीला अडकवले आणि माझा संच चार्जिंगला लावला.