नंदीच्या शिंगांमधली जागा

माझ्या स्क्रीनला कुणी बोट लावलं की माझं डोकं फिरायचं. आजही फिरतं. मॉनिटर काय वरणाचं पातेलं आहे, बोट बुडवून चव बघायला?

घाटनांदूरला आमचं किराणा दुकान. गावोगाव एसटीडी बूथ आणि कॉम्प्युटर क्लासचे बोर्ड लागायचे ते दिवस. पुण्याला मूर्ती घडवायचं सॉफ्टवेअर शिकून मी परतलो आणि दुकानामागच्या खोलीत कॉम्प्युटर मांडला. वडील त्याला खेळ म्हणायचे. त्याच सुमारास महादेवाच्या देवळातल्या नंदीचं शिंग तुटलं. भंगलेला नंदी ठेवता येत नाही, म्हणून नवा पितळी करायचं ठरलं. मी छाती ठोकून म्हणालो, नमुना मी करतो. औरंगाबादला मशीनवर लाकडात कोरून आणू, त्यावरून पितळ ओतता येईल. वडिलांनी एकच अट घातली, "गुरवकाकांनी न्हाई म्हणलं, तर हे डबडं विकायचं आन् गल्ल्यावर बसायचं." मी कबूल केलं. भीती कशाची? काम मला येत होतं.

आठ दिवस खपून नंदी उभा केला. अंगावर झूल, गळ्यात घुंगरमाळ आणि दोन शिंगांच्या मधोमध उंच, नक्षीदार तुरा. तुरा तर असा जमला होता की मीच माझ्या हाताची दृष्ट काढावी.

गुरवकाका आले. देवळातली पूजा त्यांच्याकडे. धोतर सावरत खुर्चीवर बसले, नंदी सगळीकडून निरखला. मग म्हणाले, "पाठीकडून दाव." मी फिरवला. त्यांनी सरळ अंगठा आणि पहिलं बोट काचेवरच्या दोन शिंगांना टेकवलं. मी खेकसणारच होतो, तेवढ्यात ते वाकले आणि त्या दोन बोटांमधून बघायला लागले. देवळात आपण सगळेच बघतो तसं, नंदीच्या शिंगांवर बोटं ठेवून समोरच्या पिंडीकडे.

"नंदी लई झ्याक हाय," ते म्हणाले. "पण महादेव कावून दिसंना?"

माझे कान तापले. लहानपणापासून त्या शिंगांमधून डोकावणारा मी, आणि नेमकी तीच जागा नक्षीनं बुजवून बसलो होतो. वडील दारात उभे होते. त्यांनी वळून गल्ल्याकडे बघितलं, ते जास्त लागलं.

"काका, बसा. उठू नका," मी म्हणालो.

कॉम्प्युटरमधली मूर्ती भरीव नसते. हजारो चिमुकले चौकोन एकमेकांना जोडून वरचं कातडं तेवढं असतं. त्या चौकोनांना फेस म्हणतात. तुऱ्याचे फेस निवडून पुसायचे आणि पडलेलं भोक बुजवायचं, एवढंच काम. तावातावात माऊसनं तुऱ्याभोवती चौकट ओढली, डिलीट दाबलं. तुरा गेला, आणि पलीकडचं कपाळही गेलं. निवड आरपार झाली होती. ते सगळं परत आणलं आणि मग नंदी फिरवत फिरवत, समोर दिसतील तेवढेच फेस धरून, शेंड्यापासून खाली तुरा उतरवला. जीव हळहळला, खोटं कशाला बोलू. भोक नव्या चौकोनांनी शिवलं, डोकं गुळगुळीत केलं.

काकांनी पुन्हा बोटं टेकवली आणि वाकले. शिंगांमध्ये आता मॉनिटरचा नुसता रिकामा, करडा पडदा होता.

"आता दिसंल," ते म्हणाले. "धाड औरंगाबादला."

ते गेल्यावर वडील आत आले, आठ दिवसांत पहिल्यांदाच. चपला दाराबाहेर काढल्या, खुर्चीवर न बसता वाकले आणि काचेवर दोन बोटं ठेवून शिंगांमधून बराच वेळ बघत राहिले. ते ठसे मी आठवडाभर पुसले नाहीत.