उजेडाचं थोपटणं

बाळ निजलंय, तरी माझा हात थोपटतोच आहे. काल शाळेत आमच्या गल्लीतल्या शुभाताईंचा सत्कार होता. लेझरच्या उजेडानं त्या अणू गार करतात, जगभर नाव आहे त्यांचं. आणि तिथंच माझं बाळ तापलं, हातपाय झाडायला लागलं. ताई हार काढून धावत आल्या, आम्हाला दवाखान्यात घेऊन गेल्या.

डॉक्टरांनी औषध दिल्यावर बाळाला थोपटत मी विचारलं, "ताई, उजेडानं गार कसं हो होतं?"

"अगं, अणू सैरावैरा पळतात. समोरून उजेडानं हळूहळू थोपटायचं, की दमतात, मंदावतात, आणि मंदावले की गार. तू बाळाला करतेस तसंच!"

आता ताप उतरलाय. मी सातवीतून शाळा सोडलेली, पण आज माझ्या हाताकडं मीच बघत बसलेय.