दोघांना पुरेल अशी

शनिवार पेठेतल्या त्या गोधडीवाल्या बाई टेप वापरत नसत, वितीने मोजत. आई गेल्यावर तिच्या चार साड्या मी त्यांच्याकडे नेल्या. विरलेल्या जागा चाचपत त्या म्हणाल्या, "आई डाव्या कुशीवर झोपायच्या." आईला त्यांनी कधीच पाहिलं नव्हतं.

विरलेले तुकडे कापून त्यांनी आतल्या थरासाठी ठेवले. एक चिंधी वाया गेली नाही.

"अहो, एवढी रुंद कशाला? मी एकटाच झोपतो."

"साड्या कुणाच्या आहेत?" म्हणत त्यांनी कात्री चालवली.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. डावी बाजू मी मोकळी सोडतो, ती निव्वळ सवयीने. सकाळी ती उबदार का लागते, याचं शास्त्रीय कारण शोधतो आहे.