ईश्वरआप्पांनी गाळलेलं नाव

कवठे येमाईच्या ईश्वरआप्पांनी आजवर एकही लग्न वेळेवर लागू दिलेलं नव्हतं. ही तक्रार नव्हे. त्यांची ख्याती होती ती याचसाठी. लग्नाच्या मांडवात माईक धरून आलेल्या पाहुण्यांची नावं पुकारायची, हा त्यांचा उद्योग. घरचा कांदा आणि शेवंती धाकटा भाऊ बघायचा. आप्पा नावं बघायचे.

मांडवाच्या तोंडाशी पांढरी गाडी थांबली की दार उघडायच्या आत आप्पांना कळे, कोण उतरणार, तो सध्या कोणत्या पदावर आहे आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कोणत्या पदावरून उतरलेला आहे. कारण या भागात पद कायमचं जात नाही. त्याच्यापुढे ‘माजी’ लागतं आणि मग ते मरेपर्यंत कुणी काढून घेऊ शकत नाही. आप्पा एक दीर्घ श्वास घेत आणि म्हणत, “या ठिकाणी अमुक अमुक यांचं आगमन झालेलं आहे, त्यांनी व्यासपीठावर यावं अशी मी या ठिकाणी त्यांना विनंती करतो.” मग शाल, मग श्रीफळ, मग फोटो, मग पुढची गाडी. पत्रिकेत मुहूर्त बारा पस्तीसचा असे. तो छापण्यासाठी असे. नवरा-नवरी अंतरपाटाच्या दोन बाजूंना उभे, भटजींचा हात अक्षतांसकट वर, आणि अंतरपाट धरणारे मामा हात दुखून बदलीवर गेलेले, अशा अवस्थेत आप्पांनी कित्येक संसारांची सुरुवात करून दिली होती.

“अक्षता उशिरा पडल्या म्हणून कुणाचा संसार मोडला न्हाई,” ते म्हणत. “पर मांडवात नाव राहिलं म्हणून भावकी मोडलेली म्या बघितलीय.”

नाव गाळायचं नाही. आप्पांच्या आयुष्यात तत्त्व म्हणावं असं हे एकच होतं.

भीमेच्या काठच्या माळावर विद्यापीठ आलं, तेव्हा आप्पांचा त्याच्याशी संबंध येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. त्यांची मुलगी अंकिता तिथे भौतिकशास्त्र शिकत होती, तेवढाच काय तो संबंध. पण नदीच्या अलीकडे शिरूर तालुका, पलीकडे दौंड. विद्यापीठाला दोन्ही तालुक्यांचे मान सांभाळावे लागत आणि त्यातून वेळ उरला तर ज्ञानदान. त्यामुळे विद्यापीठानं लोकांसाठी एक दिवसाचा कला, क्रीडा आणि विज्ञान महोत्सव ठरवला, तेव्हा संयोजक सत्यजीत सर सगळ्यात आधी आप्पांच्या ओट्यावर येऊन बसले.

“आप्पा, कार्यक्रम आमचा आहे, पण माणसं तुमच्या ओळखीची आहेत,” सर म्हणाले. “कुणाचं नाव राहायला नको, एवढं बघा.”

“सर, नाव राहनार न्हाई,” आप्पा म्हणाले. “बाकी काय राहिलं तर मला बोलू नका.”

महोत्सवाची तारीख मात्र अंकितानं सुचवलेली होती. मे महिन्याचा मध्य. त्या दिवशी या भागात दुपारी सूर्य बरोबर माथ्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली काही क्षण दिसेनाशी होते. तीन महिने ती गावोगावच्या शाळांत जाऊन पोरांना हे सांगत फिरली होती. आईबापांना घेऊन या, सावली नाहीशी होताना दाखवते, असा शब्दच तिनं देऊन ठेवला होता. मास्तर हसले होते. पोरांनी मात्र विश्वास ठेवला होता, आणि अंकिताला धाकधूक होती ती त्याचीच.

आदल्या दिवशी तिनं घरच्या अंगणात पाण्याची बाटली उभी करून आईला समजावलं.

“मंग?” चांगुणाबाई म्हणाल्या. “दुपारची सावली रोजच पायाखाली असती की.”

“रोज नसती गं आई. जरा सरकलेली असती.”

“जरा सरकली तर कुनाचं काय अडलं?”

अंकिता आप्पांकडे वळली. “आप्पा, उद्या साडेबाराला एक मिनिट कमी असताना सगळी माणसं मैदानात पायजेत.”

“म्हंजी एकच्या आत कवातरी.”

“न्हाई. साडेबाराला एक मिनिट कमी असताना.”

“अगं व्हय. पत्रिकेत तसंच छापत्यात.”

“आप्पा, हे छापलेलं न्हाई. हे होनार हाय. तुमची नावं चालू असली तरी होनार, आन् सगळी मांडवात बसलेली असली तर कुनीच बघनार न्हाई.”

“आन् साहेबांना उशीर झाला तर?” साहेब म्हणजे प्रमुख पाहुणे. त्यांना नाव होतं, पण ते फक्त आप्पा माईकवर घेत.

“सूर्य थांबत न्हाई, आप्पा.”

आप्पांनी थोडा विचार केला. “विनंती केली तर भटजी बी थांबतो,” ते म्हणाले आणि फेट्याला खळ लावायला उठले.

महोत्सव सकाळी सुरू झाला. म्हणजे सुरू झाल्याचं आप्पांनी जाहीर केलं. कबड्डीच्या मुली अंग गरम करून तयार होत्या. उद्घाटनाशिवाय सामना नाही म्हटल्यावर त्या थंड झाल्या, पुन्हा गरम झाल्या, आणि शेवटी मेच्या उन्हानं ते काम आपल्याकडे घेतलं. लेझीमचं पथक गुलमोहराखाली बसून भेळ खात होतं. प्रवेशद्वाराशी चित्रकलेच्या मुलांनी पहाटेपासून राबून भलीमोठी रांगोळी काढली होती. पहिले मान्यवर तिच्या कडेनं आले. दुसऱ्यांनी पहिल्यांना गाठायला तिच्यावरून पाय टाकला. अकराच्या सुमारास तिथे कलेपेक्षा वाहतूक जास्त दिसत होती.

मांडवात आप्पांचा आवाज मात्र लागला होता. शिरूरचं एक नाव, की दौंडचं एक. बाजार समितीचा माणूस आला, की त्याच्या तोलाचा पलीकडचा. दौंडकडच्या भांडगावचे माजी उपसभापती आनंदराव यांचा सत्कार आधीच झाला होता. तरी शिरूरच्या माजी उपसभापतींना फेटा मिळाला आणि आपल्याला नुसती शाल, हे ध्यानात आल्यावर ते पुन्हा रांगेत येऊन उभे राहिले. आप्पांनी तेही नाव नव्यानं पुकारलं. समई तेल घालून तयार होती. वाती वाट बघून वाळल्या होत्या. मधूनमधून कुणीतरी फोन कानाला लावून सांगे, “साहेब चौफुल्याला पोचले.” साहेब चौफुल्याला पोचले याचा अर्थ साहेब आंघोळीला गेले असा असतो, हे मांडवात सगळ्यांना ठाऊक होतं. पण सगळे माना डोलावत.

बारा वाजून गेल्यावर अंकिता व्यासपीठाच्या पायरीशी आली. मैदानात मधोमध तिनं लोखंडी खांब रोवला होता, ओळंबा लावून सरळ केलेला. भोवती शाळांची पोरं बाटल्या, पाइप, लाटणी असं काय काय उभं करून बसली होती. त्यांचे आईबाप मात्र मांडवात, पंख्याखाली.

“आप्पा, वेळ झाली.”

आप्पांनी माईकवर हात धरला. “नावं राहिलीत पोरी. दौंडकडची तर निम्मी राहिलीत.”

“मला नाव एक बी नको. मला मानसं पायजेत. उन्हात.”

“ह्या उन्हात कुत्रं बी जानार न्हाई.”

“मंग पोरांना काय सांगू? साहेब आले न्हाईत म्हनून सावली ऱ्हायली?”

आप्पांनी मैदानाकडे बघितलं. एवढी सगळी पोरं, आणि एकानंही अजून ‘साहेब कधी येणार’ असं विचारलेलं नव्हतं. असं गिऱ्हाईक त्यांनी उभ्या जन्मात बघितलं नव्हतं. मग त्यांनी मांडवाकडे बघितलं. तिथली माणसं कशानं हलतात, हे मात्र त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

“या ठिकाणी सर्व मान्यवरांना सूचना करण्यात येते,” आप्पांचा आवाज कर्ण्यांतून घुमला, “की व्यासपीठ अपुरं पडत असल्यामुळे उर्वरित विशेष सत्कार मैदानात, मधल्या खांबाजवळ होतील.”

कुणी हललं नाही. ‘विशेष’ या शब्दावर दोन-तीन माना तेवढ्या वळल्या.

“पहिला मान, भांडगावचे माजी उपसभापती, आनंदराव!”

आनंदराव शाल सावरत उठले. दौंडला पहिला मान म्हटल्यावर शिरूरचे माजी उपसभापती न बोलावता उठले. ते उठले म्हणून बाजार समिती उठली, बाजार समिती उठली म्हणून दूध संघ. आप्पा नावामागून नाव घेत गेले आणि मांडव ओळीनं उन्हात रिकामा होत गेला. मागे बसून राहील तो बिनमानाचा ठरेल, हे लक्षात येताच साधी माणसंही निघाली. कुलगुरू बाहेरगावचे. सगळे निघाले म्हणून तेही निघाले. त्यांच्यामागे शिपाई छत्री धरून. अंकितानं पुढे होऊन ती छत्री मिटवली.

“सर, आज छत्री नको. आपली सावली बघायचीय.”

शाली-श्रीफळं मागे मांडवातच राहिली होती, पण ते विचारायला सवड मिळाली नाही. अंकितानं सगळ्यांना खांबाभोवती गोल उभं केलं. “सरळ उभं ऱ्हावा. आन् पायाकडं बघा. दुसरीकडं कुठं बघू नका.”

खांबाची सावली बोटभर उरली होती. मग नखाएवढी. बाटल्यांच्या सावल्या बुडाखाली शिरायला लागल्या. इतकी वजनदार माणसं एकदम खाली मान घालून उभी आहेत, हे दृश्य तालुक्याला नवीन होतं.

“ए बाळ, माझी जाईना की,” आनंदराव कुजबुजले.

“आबा, ती पोटाची हाय,” अंकिता म्हणाली. “ती धरायची न्हाई.”

तेवढ्यात प्रवेशद्वाराशी हॉर्न वाजला. रांगोळीच्या उरल्यासुरल्या भागावरून पांढऱ्या गाड्या आत आल्या. पहिलीचं दार उघडलं आणि साहेब उतरले.

आप्पांचा हात सवयीनं वर गेला. माईक तोंडाशी आला. वाक्य जिभेवर तयार होतं, सगळ्या पदांसकट, आजी आणि माजी. ते नुसतं सुरू केलं असतं तरी मैदानातली प्रत्येक मान वळली असती. ती वळवण्याचाच तर त्यांनी जन्मभर धंदा केला होता. साहेबांचे लोक थांबून आप्पांकडे बघत होते. अंकितानंही बघितलं. मग तिनं पुन्हा खांबाच्या बुडाकडे नजर लावली.

आप्पांनी माईकचं बटण खाली केलं.

कर्णे गप झाले. इतकी शांतता झाली, की लांब उसाच्या पट्ट्यातली मोटर ऐकू यायला लागली. आप्पांनी आपल्या पायांकडे बघितलं. चपलांच्या कडेशी काळी रेघ होती, ती बघता बघता आत गेली.

“गेली!” एक पोरगी ओरडली, आणि मग सगळी पोरं ओरडली, “गेली! गेली!”

साहेब चालत गोलापर्यंत आले. त्यांना कुणी बघितलं नाही. सगळं मैदान खाली वाकून काहीतरी शोधत होतं.

“काय हरवलंय?” साहेबांनी आनंदरावांना विचारलं.

“सावली, साहेब,” आनंदराव मान वर न करता म्हणाले.

“सापडेल, सापडेल,” साहेब म्हणाले. “मी बोलतो त्यांच्याशी.”

मग कुलगुरूंच्या लक्षात आलं. ते घाईनं अंकिताजवळ आले. “साहेबांसाठी परत एकदा करता येईल ना?”

“येईल की सर. सूर्य दक्षिणेकडं माघारी फिरला की, जुलैच्या शेवटी. ढग नसले तर.”

“आज नाही?”

“आज न्हाई.”

साहेबांच्या एका माणसानं वर सूर्याकडे नाराजीनं बघितलं. असल्या न ऐकणाऱ्याची बदली कुठे करता येते, हे त्याला बहुधा सुचत नसावं. त्यानंतर समई लागली. साहेब मांडवात पंख्याखाली वैज्ञानिक दृष्टिकोनावर पुष्कळ वेळ बोलले. कबड्डीचा अंतिम सामना दुसऱ्या दिवसावर गेला. पोरं मात्र बाटल्या घेऊन मैदानातच थांबली. आता सावली दुसऱ्या बाजूनं बाहेर येत होती आणि ती त्यांना बघायची होती.

आप्पांनी नाव गाळल्याची बातमी ते घरी पोचायच्या आत घरी पोचली होती. साहेबांच्या पुतण्याच्या लग्नाचं काम आप्पांना बोललेलं होतं. ते त्याच संध्याकाळी दौंडच्या एका गड्याकडे गेलं. त्याचा आवाज पत्र्यावर वाळू ओतल्यासारखा होता, पण तो कुणाला गाळत नसे.

“अवो, एक नाव घ्यायला जिभंला काय हाड आलं व्हतं?” चांगुणाबाई म्हणाल्या.

“मान दुसऱ्याचा व्हता,” आप्पा म्हणाले. “सबंद दिवसात दिल्या वेळंवर आलेला तेवढा एकच पाव्हना.”

हे बोलणं अंकितानं चुलीपाशी बसून ऐकलं आणि ताटात डोकं घालून हसली.

पण आप्पांत काहीतरी बिघडलं होतं खरं. पुढच्याच आठवड्यात भांडगावला, आनंदरावांच्या नातीच्या लग्नात, मुहूर्ताला त्यांनी मांडवाबाहेर जाऊन पायाकडे बघितलं, परत आले, चालू नाव अर्ध्यावर सोडलं आणि भटजींना म्हणाले, “सुरू करा.” भटजींनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. लग्न पत्रिकेतल्या वेळेला लागलं. नवरीची अर्धी वेणी सुटी होती. नवरदेवाचा मामा बुटांच्या दुकानात होता. आणि अनुभवी आचाऱ्यानं आप्पांच्या भरवशावर अजून भात चढवलाच नव्हता, त्यामुळे हजारभर माणूस रिकाम्या पत्रावळीपुढे बसून मठ्ठा पीत राहिलं. “पोरीला शिकवलं, त्याचं हे,” असा गावानं निकाल दिला.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आप्पांचा फोन वाजला. पलीकडून साहेबांचा माणूस बोलत होता. आवाज गोड होता.

“आप्पा, झालं गेलं सोडा. त्या सावलीला साहेब या खेपेला शंभर टक्के येणार. मैदान, मांडव, सगळं आमच्याकडं लागलं. फक्त दौऱ्यात थोडं मागंपुढं होईल. तुम्ही एवढ्या लग्नांचे मुहूर्त सांभाळलेत, हा एक सांभाळून घ्या.”

अंकिता अंगणात बाटली उभी करून आभाळाकडे बघत होती. आभाळ गच्च भरलं होतं.

“बोलून बघतो त्यांच्याशी,” आप्पा म्हणाले, आणि फोन ठेवून तिच्याशेजारी जाऊन बसले.