बिनखिळ्याचं खोगीर

ते खोगीर अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. त्याखाली घोडा मात्र मी कधीच पाहिला नाही.

वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेला होता आणि मी पिंपळगाव राजा या गावी फौजदार होतो. तिथल्या एका पाटलांचे काका खेचरांच्या पलटणीबरोबर तिबेटात जाऊन आले होते. त्यांनी आणलेलं लाकडी खोगीर पाटील येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत. दोन फळ्या, दोन कमानी, पुढच्या कमानीवर सोन्याची तार ठोकलेला लोखंडी सर्प, तोही पंजे असलेला! सगळं कातडी वाद्यांनी बांधलेलं. “खिळा दाखवा, बैल घेऊन जा!” पाटील गर्जत.

जिल्ह्याचे साहेब दौऱ्यावर ते पाहायला येणार होते. नेमकं तेव्हाच खोगीर चोरीला गेलं. फिर्यादीत संशयित एकच, पाटलांचा सालदार. त्याला आणून कोठडीत बसवलं. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती. त्या दिवशी सालदार वर्षासाठी ठरतात. चोर ठरलेल्याला दारात कोण उभं करणार?

“खोगीर कुठं हाय बे?” हवालदार गरजला.

“जमादार, माह्याजवळ बकरी नाही, त घोडा कुठचा? खोगीर काय मीच पाठीवर घेऊ?”

मी हसू मिशीत दाबलं. खोटं बोलणारा माणूस कोठडीत विनोद करत नाही.

बाजारात एक भाजीवाली माळीण कुजबुजली, “फौजदारसाहेब, पाटलाच्या गोठ्यामागं कडब्याची गंजी उभी हाय, अन् ढोरायले कडबा इकत आनून राह्यले. काऊन?”

खरंच, काऊन?

पंच घेऊन गंजी उपसली. खोगीर नव्हतंच. निघाले लाकडाचे सुटे तुकडे, एक फळी उभी तडकलेली. सर्प पाहून पंच दोन पावलं मागे सरले.

“पाटील, चोरानं घरीच ठेवलं का हो?”

पाटील खाली बसले. “साहेबायले ढिलं दिसू नये म्हून वाद्या भिजवल्या, जुवाच्या नाड्यासारख्या आवळल्या, अन् उन्हात ठेवलं. दुपारी तडाक!”

घोड्याच्या चालीबरोबर खोगिरानं जरा हलावं म्हणून तिबेटी कारागिरानं बांधणीत ढील ठेवली होती. चैत्रातल्या उन्हात ओल्या वाद्या वाळून आखडल्या आणि ती ढील गेली. मग फजिती झाकायला पाटलांना चोर लागला.

खोट्या फिर्यादीचं कलम मी मोठ्यानं वाचलं. आखाजीच्या सकाळी पाटलांनी चावडीवर, साऱ्या गावासमोर, खरं सांगितलं.

तेव्हापासून वस्तू हरवली असं कोणी म्हटलं, की ती कुणी नेली हे मी नंतर विचारी. आधी विचारी, ती बनली कशी होती.

सालदार लगेच दुसऱ्या घरी ठरला. जाताना त्यानं पाटलांना रामराम घातला.

“मालक, खोगीर सांभाळा. घोडा चालला.”