केबलवरची ती बाई

तुम्ही हसणार, हे मला ठाऊक आहे. तरी सांगते, कारण मी नाही सांगितलं तर आमच्या भजन मंडळातली सुमनबाई सांगेल, आणि ती तिखटमीठ लावून सांगते. त्यापेक्षा माझी फजिती माझ्याच तोंडून ऐका.

आम्ही गोंदियाकडे, हायवेवरच्या कोहमाऱ्याला राहतो. नाक्यावर यांचं ट्रकच्या स्पेअर पार्टचं दुकान, दुकानामागे घर. टीव्ही एकच, तोही जेवायच्या खोलीत. म्हणजे मुलगा, सून, नात, आलागेला पाहुणा, सगळे त्याच्यासमोरच ताटं घेऊन बसणार. आणि आमच्या केबलवाल्याने काढलेलं स्वतःचं लोकल चॅनल. सकाळी आरत्या, दुपारी नुसता धुडगूस. असली गाणी, की सुनेने वाढताना जमिनीकडे बघावं आणि मुलाने पापडाकडे.

एकदा आमचं महिला भजन मंडळ घरी जमलं होतं. मी अध्यक्ष. भजन रंगात आलं असताना पाच वर्षांची नात मधोमध येऊन उभी राहिली, ओढणी दातात धरली आणि डोळा मारून त्यातलं एक गाणं असं काही करून दाखवलं, की बायांच्या हातातले टाळ जागीच थांबले.

"पोरगी हुशार आहे, बाई," सुमनबाई म्हणाली. "पण हे कोन शिकवून राहिलं तिले?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिथेच जाहीर केलं, हे चॅनल सुधारलं नाही तर मी मंडळाचं अध्यक्षपद सोडते. झालं. अश्लीलताविरोधी संघर्ष समिती स्थापन झाली, आणि तिचीही अध्यक्ष अर्थातच मी.

आता खरं सांगू का? राग नातीवरून आला, पण तो वाढला वेगळ्याच कारणाने. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते, जत्राच म्हणा ना. त्या मंडईतल्या जुन्या कॅसेटी हे चॅनल दाखवायचं. त्यात एक बाई नाचायची. हिरवं लुगडं, चेहऱ्यावर रंगाचा थर, आणि कंबर अशी की मला लग्नातसुद्धा नव्हती. ती लागली की आमचे मनोहरराव दुकान सोडून आत येत. बाहेर गिऱ्हाईक ब्रेक ऑइल मागतंय, आणि हे टीव्हीसमोर उभे राहून पायाने ठेका धरतायत.

"काय पाहून राहिले एवढं?" मी विचारलं.

"काही नाही व. जुनं आहे. चांगलं वाटते."

आणि डोळ्यांत चक्क पाणी. तुम्हीच सांगा, मला काय वाटलं असेल? इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस माझ्याकडे बघून कधी रडला नाही. म्हणजे आनंदाने म्हणतेय मी.

समितीने मोर्चा ठरवला, आणि त्याचे फलक रंगवायला मी मुद्दाम यांनाच बसवलं. मजकूर सांगितला, 'हिरव्या लुगड्यातली निर्लज्ज बाई बंद करा.' यांचा ब्रश हवेतच थांबला.

"तिलेच काऊन धरते? बाकीचे गाने लिव ना."

"का? झोंबलं?"

बिचाऱ्यांनी फलक रंगवला. अक्षर मात्र झकास काढलं.

मोर्चा जोरात निघाला. फलक धरायलाही मी यांनाच बरोबर घेतलं. आसपासच्या गावांतून बाया आल्या. धाब्यांवरचे ड्रायव्हर चहा टाकून रस्त्यावर आले. केबलच्या ऑफिससमोर आम्ही ठाण मांडलं, आणि नायब तहसीलदार साहेबांना यावंच लागलं. साहेब तरुण होते, साताऱ्याकडचे, नवीनच आलेले.

केबलवाला हात जोडून म्हणाला, "साहेब, आपल्याला काय, पब्लिक मांगते. आणि अश्लील म्हणजे कोणतं, ते तर दाखवा."

"दाखवते," मी म्हटलं. "टीव्ही बाहेर काढ."

टीव्ही बाहेर आला. एकेक गाणं लागलं. साहेबांचे कान लाल झाले. "हे बंद. हेही बंद. अहो, हे तर लगेच बंद करा." केबलवाला मान डोलवत गेला, बाया टाळ्या पिटत गेल्या. आम्ही जिंकलो होतो हो. तिथेच घरी गेले असते तर आज हा किस्सा नसता. पण यश माझ्या डोक्यात गेलं होतं.

"आता शेवटचं, आणि सगळ्यांत गलिच्छ," मी म्हटलं. "लाव ती मंडई."

हिरवं लुगडं पडद्यावर आलं आणि मला भाषण सुचलं. "बघा हे डोळे. बघा ही कंबर. कोणत्या घरची असेल ही? हिच्या घरच्यांना काही लाज?"

केबलवाला म्हणाला, "ताई, ही दंडार आहे. दंडारीत बाई कुठं राहते? माणूसच लुगडं नेसून नाचते."

मी मागे पाहिलं. सगळ्या बाया 'हो, हो' म्हणून माना हलवत होत्या.

"मग काऊन नाही सांगितलं मला?"

"तुम्ही इचारलं कुठं?" सुमनबाई म्हणाली. "तुम्ही तं भाषनच करून राहिल्या होत्या."

आता मी पडले गोंदिया शहरातली. आणि सासूबाई मंडईत बांगड्या घेऊ देत, पण दंडारीचं नाचगाणं बघायला बसू देत नसत. मला वाटायचं, घरचं वळण असेल.

पण माघार घेईन तर मी कसली अध्यक्ष? "माणूस असेल तर दुप्पट निर्लज्ज," मी म्हटलं. "नाव काढा त्याचं. इथे सगळ्यांसमोर माफी मागू दे."

"नाव समजेल का?" साहेबांनी विचारलं.

"समजते ना. पुढे बक्षीस पुकारते."

दंडारीत कुणी नाचावर खूश होऊन बक्षीस दिलं, की वाजवणं थांबवून माइकवर देणाऱ्याचं आणि नाचणाऱ्याचं, दोघांची नावं पुकारतात. तसंच झालं. ढोलकी थांबली आणि खणखणीत आवाज आला, "गोंदियाचे धान व्यापारी बाबूलालजी यांच्याकडून, चिचगडचे मनोहर यांच्या नाचावर खूश होऊन बक्षीस!"

बाबूलालजी म्हणजे माझे वडील. चिचगड हे यांचं मूळ गाव, आणि मनोहर कोण, ते तुम्हाला कळलंच. बाबा तिकडे धान बघायला गेले होते आणि जावई बघून आले, एवढंच मला ठाऊक होतं. कुठे बघितला, ते आज कळलं.

मी हळूच वळले. मनोहरराव फलक धरून उभे होते. पोट सुटलेलं, मिशा पांढऱ्या, आणि फलकावर त्यांच्याच सुंदर अक्षरात 'निर्लज्ज बाई'.

सुमनबाईने अगदी अदबीने विचारलं, "माफी इथंच मागाची का घरी गेल्यावर?"

"अवो, सांगायचं तरी," मी पुटपुटले.

"मायनं लग्नाआधीच घुंगरू सोडाले लावले. शपथ घातली. म्हने, शहरातली पोरगी आहे, हसन तुले." यांनी हातातल्या फलकाकडे पाहिलं. "तू तं मोर्चाच काढला."

मला माझीच लाज वाटली. आणि तुम्हाला म्हणून सांगते, अभिमानही वाटला. असं नाचताना मी आजवर कुणालाच पाहिलं नव्हतं, आणि तो माणूस माझ्याच घरात ब्रेक ऑइल विकत होता.

साहेब घड्याळ बघत म्हणाले, "मग बाई, हेही बंद करायचं ना?"

सगळा मोर्चा माझ्या तोंडाकडे बघत होता. हे मात्र खाली बघत होते.

मी पदर नीट केला, घसा खाकरला आणि म्हटलं, "साहेब, हे सांस्कृतिक आहे."

चॅनल सुधारलं. आता दुपारी भजनं लागतात, पाककृती लागतात, नात सगळ्यांसमोर अभंग म्हणते. माझं अध्यक्षपद राहिलं, वर शाल-श्रीफळ मिळालं. देवरीच्या बाया सल्ला घ्यायला येऊन गेल्या.

फक्त दर रविवारी दुपारी, भर मोर्चात गलिच्छ ठरलेलं एक गाणं अजून लागतं. आणि तो केबलवाला खाली न चुकता पट्टी फिरवतो, 'अश्लीलताविरोधी संघर्ष समितीच्या अध्यक्षांच्या खास आग्रहावरून.'