सत्काराचं ताट

सत्कार या शब्दाचाच मला आता वीट आला आहे. आमच्या जिल्ह्यात नळाला पाणी येवो न येवो, शाल आणि नारळ कुठं कमी पडत नाही. साहेबांची बदली झाली, सत्कार. बदली रद्द झाली, सत्कार. गुडघ्याचं ऑपरेशन करून कुणी नुसतं चालायला लागलं तरी सत्कार. पुरुषांच्या वार्डाची इन्चार्ज सिस्टर म्हणून मी निवृत्त झाले तेव्हा मलाही शाली मिळाल्या. इतक्या पातळ, की त्यातून चहा गाळता आला असता.

निवृत्त झाले तरी राहते दवाखान्याच्या मागच्या गल्लीतच. त्यामुळे परिचारिका दिनाला ‘उत्कृष्ट तरुण परिचारिका’ असा पुरस्कार द्यावा असं दवाखान्यातल्या मंडळींच्या मनात आलं, तेव्हा नाव सुचवायला मला बोलावलं. मी खुर्चीत टेकायच्या आत माझ्या जुन्या वार्डातल्या एका पोरीचं नाव सांगून टाकलं. नोकरीला लागून तिला दुसरंच वर्ष होतं.

तिनं काय केलं होतं ते इथं सांगते, कारण पुढं मंडपात ते कुणी धड सांगितलं नाही. आमच्या वार्डात खुब्याचं हाड मोडलेले, उठता न येणारे म्हातारे असायचे. ते पाणीच पीत नसत. पाणी प्यायलं की लघवीचं भांडं मागावं लागणार, आणि नातीच्या वयाच्या पोरीकडं ते मागायचं कसं? ओठ वाळून जायचे, ग्लानी यायची, तरी विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘तहान न्हाय.’ डॉक्टर रागवायचे आणि पुढच्या खाटेकडं जायचे. या पोरीनं दोन खांबांना सुतळी बांधली आणि त्यावर आडोशाला जुनी चादर टाकली. कुणी मागायच्या आधीच ती भांडं आत सरकवायची, पाठ करून उभी राहायची आणि पीकपाण्याच्या गप्पा काढायची. म्हातारे पाणी पिऊ लागले. तरतरीत होऊन बोलू लागले, लवकर घरी जाऊ लागले.

तिच्या घरच्यांना मात्र नेमकी याच कामाची लाज वाटत होती. वडील सोनारी गावाकडचे, बऱ्यापैकी शेती, गावात शब्दाला वजन. तिला भूम गावचं एक स्थळ आलं होतं. मुलाकडच्यांची अट एकच, नोकरी सोडायची. परक्या पुरुषांना हात लावणारी सून त्यांना नको होती. वडिलांनाही ते पटलेलं. राजीनामा दे म्हणून त्यांनी धोशा लावला, आणि ती माझ्याकडं येऊन ढसाढसा रडली. मला राहवलं नाही. मी तिच्या वडिलांना फोन केला आणि म्हटलं, ‘‘दादा, एकदा कार्यक्रमाला या. तुमच्या पोरीला इथं काय मान आहे तो डोळ्यांनी बघा, मग काय ते ठरवा.’’

‘‘येतो, बाई,’’ ते म्हणाले. ‘‘पर जाताना तिला संगं घिऊनच जानार हाय.’’

मे महिन्याची दुपार. मंडपाचं कापड तापून त्याचा वास सुटलेला. कूलर पाहुण्यांच्या बाजूला, कारण आमच्याकडं घाम फक्त पाहुण्यांनाच येतो. तरुण सिस्टर सकाळपासून स्वागताला रांगेत उभ्या. आणि जिचा गौरव व्हायचा होता तिच्या हातात सत्काराचं ताट दिलेलं, कारण म्हणे पोरगी नीटनेटकी आहे.

तिचे वडील टोपी सावरत माझ्या शेजारी बसले. पाहुणे आले, त्यांच्यासोबत न बोलावलेलेही आले. सगळ्यांचे सत्कार सुरू झाले. दर नावाला ती ताट घेऊन पुढं व्हायची, शाल दुसऱ्याच्या खांद्यावर जायची, ती मागं सरकायची. वडील नुसते बघत होते.

‘‘तिचा कवा हाय?’’ त्यांनी विचारलं.

‘‘होईल आता,’’ मी म्हटलं. मला माझीच चीड येत होती.

मग मुख्य पाहुणे माइकला चिकटले. आई झाली, बहीण झाली, देवी झाली. चादरीची गोष्ट मी डॉक्टरांना सांगितली होती, डॉक्टरांनी ती पाहुण्यांच्या कानावर घातली होती. पाहुण्यांनी त्यातली चादर तेवढी वगळली. ‘‘ही कन्या परक्या पुरुषांची घाण हसत हसत काढते. तिला ना पगाराची अपेक्षा, ना विश्रांतीची.’’ मागच्या रांगेत कुणीतरी फिदीफिदी हसलं. वडिलांची मान खाली गेली ती वर येईना. त्या शहाण्याच्या हातातला माइक हिसकून घ्यावा असं मला वाटलं.

शेवटी तिचं नाव पुकारलं, तर ताटात शाल उरलेली नव्हती. न बोलावलेल्यांना पुरवता पुरवता संपली होती. संयोजकांनी एका पाहुण्याच्या भाच्याच्या अंगावरची शाल मागून घेतली, तिच्या खांद्यावर टाकली, फोटो काढला, आणि घडी घालून ज्याची त्याला परत दिली. नारळ तेवढा तिला राहिला. इतक्यात एका रुग्णाची बायको मंडपाच्या कडेला येऊन म्हणाली, ‘‘सिस्टर, सलाईन संपाया आलीय.’’ पोरगी नारळ हातात घेऊनच वार्डाकडं धावली.

वडील उठले. ‘‘चला, बाई. तिचं सामान कुठं हाय ते दावा.’’

संपलं सगळं असं धरून मी त्यांच्या मागं निघाले.

वार्डाच्या दारात ते थबकले. तिनं नारळ खिडकीत ठेवला, सलाईन बदललं. मग कोपऱ्यातल्या खाटेकडं एकदा बघितलं, चादर ओढली, भांडं आत सरकवलं आणि पाठ करून उभी राहिली.

‘‘आजोबा, तुमच्याकडं ज्वारी कशी झाली यंदा?’’

चादरीआडून आवाज आला, ‘‘बरी झाली, बाळ. कडबा लई झाला.’’ घरच्या ओसरीवर बसल्यासारखा आवाज होता तो.

वडील व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसले. मी शेजारी बसले. मंडपात आभार चालू होते. कूलरवाल्याचेसुद्धा मानून झाले.

‘‘बाई, देवी म्हनले न्हवं तिला?’’

‘‘म्हणाले.’’

‘‘मग सकाळधरनं तिला जरा बस म्हनून कुनी का म्हनलं न्हाय?’’

त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि भूमच्या मध्यस्थाला लावला. खेड्यातली माणसं फोनवर बोलतात तसं मोठ्यानं बोलत होते.

‘‘पोरगी नोकरी सोडनार न्हाय. तुमी दुसरीकडं बघा.’’ पलीकडचा बराच वेळ काहीतरी बोलत राहिला. वडिलांनी ते ऐकून घेतलं.

‘‘व्हय, लाज वाटली की,’’ ते म्हणाले. ‘‘लई वाटली. पर ती मंडपात. वार्डात न्हाय वाटली.’’